विनोदाचे लक्ष्य खाली का सरकते?

२०२४ च्या मार्च महिन्यात, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने, दूरचित्रवाणीवरील विनोदाच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. ऑगस्ट २०१४ पासून झी मराठीवर सुरू असलेला ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम थांबला आणि ३० मार्चला कपिल शर्मा आपला बाडबिस्तरा घेऊन नेटफ्लिक्सवर दाखल झाले. पहिली घटना महाराष्ट्राबाहेर फारशी कोणाच्या गावी नव्हती, दुसरीचा गाजावाजा जगभर झाला. तरीही दोन्ही कार्यक्रमांच्या प्रेक्षकांची तक्रार थेट एकच होती आणि ती त्यापूर्वी कितीतरी वर्षे ऐकू येत होती : आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही.

राष्ट्रीय घडामोडींवर लिहिणाऱ्या स्तंभात विनोदी कार्यक्रमाचा दर्जा हा विषय काही वाचकांना हलका वाटेल. मला तो तसा वाटत नाही. मी बेंगळूरुच्या पूर्व टोकाला, व्हाइटफील्डमध्ये राहतो. आमच्या गृहसंकुलात सोलापूरचे कुटुंब आहे, दरभंग्याचे आहे, कोट्टायमचे आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या याच परिसरात नांदलेली कन्नड घरेही आहेत. यांची वर्तमानपत्रे वेगळी, सण वेगळे, मतेही वेगळी. रात्री जेवणानंतर साऱ्यांच्या दिवाणखान्यांतून एकाच वेळी हसण्याचा आवाज यावा असा कार्यक्रम गेल्या दशकात एकच झाला आणि तो कपिल शर्मांचा. एखादा माणूस इतक्या घरांत इतकी वर्षे रात्रीचा पाहुणा म्हणून येत असेल, तर तो कशावर हसतो आणि कशावर हसायचे टाळतो, ही सार्वजनिक महत्त्वाचीच बाब ठरते.

घसरणीची कारणे शेजारी आपापल्या परीने सांगतात. कोणी म्हणते, माणूस श्रीमंत झाला की त्याला गरिबाच्या गमती सुचत नाहीत. कोणी म्हणते, सुनील ग्रोव्हर गेले तेव्हाच कार्यक्रम संपला. कोणाच्या मते इतकी वर्षे तेच तेच केल्यावर कोणीही थकेल. प्रत्येकात तथ्य आहे. पण थकलेला विनोदकार सर्वच विषयांत थकतो. इथे तसे झालेले नाही. काही विषयांत हे कार्यक्रम आजही तरतरीत आहेत, आणि काही विषय मात्र त्यांच्या संहितेतून गळून पडले आहेत. ते कोणते, हे पाहायला हवे.

शर्मा अमृतसरचे, पंजाब पोलिसांतील हेड कॉन्स्टेबलचे चिरंजीव. २००७ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’चे तिसरे पर्व त्यांनी जिंकले. २२ जून २०१३ रोजी कलर्स वाहिनीवर ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ सुरू झाला. त्यातला बिट्टू शर्मा हा कर्जबाजारी, चिडका, बायकोवर खेकसणारा आणि पाहुण्यापुढे लाळघोटेपणा करणारा मध्यमवर्गीय होता. इंग्रजी येत नसल्याची लाज आणि येत नाही म्हणून मिरवण्याचा आडमुठेपणा, दोन्ही त्याच्यात होते. चित्रपटातले बडे तारे त्याच्या घरी यायचे आणि तो त्यांना शेजाऱ्याच्या पातळीवर आणून बसवायचा. बड्या माणसाला दोन पायऱ्या खाली उतरवणे हेच त्या कार्यक्रमाचे खरे भांडवल होते. तारे हसतमुखाने उतरत, कारण त्यांचे चित्रपट खपायचे असत.

मग २०१६ उजाडले. जानेवारीत याच कार्यक्रमातील ‘पलक’ म्हणून घरोघरी पोहोचलेले किकू शारदा यांना डेरा सच्चा सौदाचे गुरमीत राम रहीम यांची नक्कल केल्याबद्दल हरियाणा पोलिसांनी मुंबईतून उचलले आणि कैथलला नेले. नक्कल दुसऱ्याच वाहिनीवरच्या एका कार्यक्रमात होती. गुन्हा धार्मिक भावना दुखावल्याचा. जामीन मिळाला, पण नक्कल करणारा एक माणूस पोलिसांसोबत राज्य ओलांडून नेला जातो हे सर्वांनी पाहिले. (ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच राम रहीम यांना न्यायालयाने बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले.) त्याच वर्षी ९ सप्टेंबरला खुद्द शर्मा यांनी ट्विटरवर पंतप्रधानांना उद्देशून जाहीर तक्रार केली. पाच वर्षांत १५ कोटी रुपये प्राप्तिकर भरूनही मुंबई महापालिकेत कार्यालयासाठी ५ लाखांची लाच द्यावी लागते, हेच का अच्छे दिन, असा तिचा आशय होता.

पुढे काय झाले ते मुंबईकरांना आठवत असेल. लाच मागणाऱ्याचे नाव सांगा, असे शर्मांना विचारले गेले. मग चर्चा लाचेवरून त्यांच्याच बांधकामावर आली आणि अनधिकृत बांधकामाबद्दल गुन्हा दाखल झाला. आपला रोख कोणत्याही पक्षावर नव्हता, असा खुलासाही त्यांना करावा लागला. बांधकाम नियमबाह्य असेलही. नियम सर्वांना सारखे असावेत, याबद्दल दुमत नाही. पण आधी तक्रार आणि मग चौकशी, तीही तक्रारदाराचीच, हा क्रम प्रत्येक लेखकाने, निर्मात्याने आणि वाहिनीच्या विधी विभागाने मनात नोंदवून ठेवला असणार.

यानंतरची वर्षे शर्मांसाठी खासगी अर्थानेही वाईट होती. मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतताना विमानात ग्रोव्हर यांच्याशी खटका उडाला, चमू फुटला, प्रकृतीमुळे सोनीवरचा कार्यक्रम बंद ठेवावा लागला. नैराश्य आणि मद्यपान यांविषयी शर्मा स्वतःच नंतर मोकळेपणाने बोलले आहेत. आजारी माणसाच्या घसरणीचे विश्लेषण करण्याची हौस मला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ते परतले, सावरलेले दिसले आणि त्यांची हजरजबाबी वृत्तीही शाबूत होती. बदलला होता तो नेम.

पाहुणा आता खाली उतरवला जात नाही. आधीच उंच असलेल्या त्याच्या आसनावर आणखी एक उशी ठेवली जाते. खोडी काढायची ती समोरच्या प्रेक्षकाची : त्याच्या पोटाची, टकलाची, हिंदी उच्चारांची, सोबत आलेल्या बायकोची. खोडी काढायची ती चमूतल्या सहकाऱ्याची, अर्चना पूरणसिंह यांच्या हसण्याची, कोणाच्या वजनाची, कोणाच्या रंगाची. हे पूर्वी नव्हते असे मी म्हणणार नाही. पडद्यावरची पत्नी झालेल्या सुमोना चक्रवर्ती यांच्या ओठांवरून केलेले विनोद पहिल्या कार्यक्रमापासूनचे आहेत, आणि पुरुषाला साडी नेसवली की निम्मे काम झाले, ही समजूतही तेव्हाचीच. पण तेव्हा हे तोंडीलावणे होते. आता ताटात तेवढेच उरले आहे. वर बघून हसण्याची सवय मोडली की माणूस खाली बघून हसू लागतो, कारण दर आठवड्याला तासभर हसवणे तर कराराने बंधनकारक असते.

मराठी वाचकांना यातले काहीच नवे वाटणार नाही. ‘चला हवा येऊ द्या’ने थुकरटवाडी नावाचे गाव उभे केले. डॉ. निलेश साबळे यांचे सूत्रसंचालन, भाऊ कदम यांचा निरागस गोंधळ आणि श्रेया बुगडे यांच्या नकला हे सारे चित्रपटाच्या जाहिरातीसाठी आलेल्या पाहुण्यांभोवती गुंफलेले असले, तरी सुरुवातीच्या काळात त्यात एक अनपेक्षित जागा होती. सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात येत आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचून दाखवत. शेतकऱ्याची आत्महत्या, दुष्काळ, म्हाताऱ्या आईबापांचे एकटेपण असे विषय त्या पत्रांत येत. आमच्या सोलापूरच्या शेजाऱ्यांकडे मी ती मोबाइलवर ऐकली आहेत. मराठी मला बेताचे कळते, पण खोलीतली शांतता कळायला भाषा लागत नाही. हशा पिकवणाऱ्या कार्यक्रमाने पाच मिनिटे हसू थांबवण्याचे धाडस करावे, हे दूरचित्रवाणीच्या हिशेबात बसणारे नव्हते. हळूहळू हिंदीतले तारेही थुकरटवाडीत येऊ लागले, पाहुण्यांचे वजन वाढले, तशी पोस्टमनची जागा आक्रसत गेली. अखेरच्या काळात साबळे स्वतःच बाहेर पडले. त्यांच्याच ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ या पालुपदाच्या नावाने कलर्स मराठीवर आलेला कार्यक्रम टिकला नाही. आणि जुलै २०२५ मध्ये मूळ कार्यक्रम नव्या सूत्रसंचालकासह परत आला. ‘हसायलाच पाहिजे’ या शब्दांतला लाडिक हट्ट पुढे पुढे आर्जवासारखा ऐकू येत होता, असे त्याच शेजाऱ्यांचे निरीक्षण आहे.

पूर्वी सारे आलबेल होते, असा समज मात्र करून घेऊ नये. जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ १९८९ मध्ये दूरदर्शनवर म्हणजे सरकारच्याच वाहिनीवर लागला आणि त्यात सरकारी कंत्राटदारापासून वैद्यकीय बिलांपर्यंत साऱ्याची टर उडवली गेली. १९९७ मध्ये सोनीवर सुरू झालेल्या ‘मूव्हर्स अँड शेकर्स’मध्ये शेखर सुमन रोज रात्री वाजपेयी आणि लालूप्रसादांची नक्कल करत. पण याच देशात, काँग्रेसच्या काळात, व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींवर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाचा गुन्हा लागला. त्याच वर्षी ममता बॅनर्जींवरचे एक व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल कोलकात्यातील प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना अटक झाली आणि त्यातून सुटायला त्यांना २०२३ उजाडले. असहिष्णुता ही कोणा एका पक्षाची मिरासदारी नाही. फरक पडला तो खर्चात. २०१७ मध्ये श्याम रंगीला या तरुणाने स्टार प्लसवरच्या स्पर्धेत नरेंद्र मोदींची नक्कल केली. ती प्रसारितच झाली नाही. ना खटला, ना नोटीस. वाहिनीने स्वतःच हिशेब केला. प्राइम टाइममधल्या मनोरंजनात सत्तेवरचा विनोद तेव्हापासून जवळजवळ दिसेनासा झाला, आणि असे काही ठरल्याचा एकही सरकारी कागद दाखवता येणार नाही.

मग तो विनोद गेला कुठे? काही काळ तो छोट्या सभागृहांत गेला. व्हाइटफील्डमध्ये २०११ पासून जागृती थिएटर आहे, शहरात इतरत्र कॅफे आणि तळघरांतले मंच आहेत. माहिती तंत्रज्ञानाच्या या शहरात तिकीट काढून इंग्रजी-हिंदी विनोद ऐकणारा तरुण वर्ग मोठा आहे. पण तिथेही पाठलाग सुटला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुड शेफर्ड सभागृहातला मुनव्वर फारुकी यांचा प्रयोग पोलिसांनी आयोजकांना पत्र पाठवून थांबवला. कारण काय, तर व्यक्ती वादग्रस्त आहे आणि कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवेल. त्याच वर्षी इंदूरमध्ये प्रत्यक्षात न केलेल्या विनोदाबद्दल महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात राहून ते सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर बाहेर आले होते. डिसेंबर २०२१ मध्ये कुणाल कामरा यांचे बेंगळूरुमधले २० दिवसांतले प्रयोग रद्द झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये वीर दास यांचा मल्लेश्वरममधला प्रयोग एका संघटनेच्या तक्रारीनंतर गुंडाळला गेला. मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या खार भागातल्या ‘हॅबिटाट’ची एकनाथ शिंदे यांच्यावरील कामरांच्या विडंबनामुळे शिवसैनिकांनी मोडतोड केली आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तिथेच पोहोचले.

पोलिसांच्या त्या पत्रात एक गंभीर घटनात्मक चूक आहे आणि ती वारंवार होते. एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते की निदर्शने वा हिंसेची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दडपता येणार नाही. विरोधकांना आवरणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि ते जमत नाही ही सबब राज्याला सांगता येत नाही. ३५ वर्षांहून अधिक काळ हा कायदा आहे. तरी ठाणेदार आजही धमकी देणाऱ्याला सोडून ज्याला धमकी आली त्यालाच पत्र पाठवतो, कारण ते सोपे असते.

अमेरिकेकडे पाहून काही जण म्हणतील, राजकारण घुसवले की विनोदाचे वाटोळे होते. या म्हणण्यात दम आहे. तिथले रात्रीचे सूत्रसंचालक गेल्या दशकात इतके राजकीय झाले की कित्येकदा हशाऐवजी टाळ्याच ऐकू येत आणि टाळी म्हणजे प्रेक्षक सहमत आहे, त्याला हसू आले आहे असे नव्हे. जुलै २०२५ मध्ये सीबीएसने स्टीफन कोलबेअर यांचा ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करण्याची घोषणा केली. निर्णय निव्वळ आर्थिक असल्याचे सांगितले. पण वाहिनीच्या मालक कंपनीने डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी १.६ कोटी डॉलरची तडजोड केली होती, कोलबेअर यांनी तिच्यावर पडद्यावरूनच टीका केली होती आणि कंपनीचे विलीनीकरण सरकारी मंजुरीची वाट पाहत होते. सप्टेंबरमध्ये जिमी किमेल यांना पडद्यावरून काढले गेले आणि आठवडाभरात परत आणावे लागले. कोलबेअर प्रवचनाकडे झुकले असतील, आपले सूत्रसंचालक आरतीकडे. दोन्हीत विनोदाचे नुकसानच आहे. पण किमेल परतले, कारण प्रेक्षकांनी आणि सहकाऱ्यांनी उघड आवाज उठवला. आपल्याकडे काढून टाकलेल्या नकलेसाठी कोणी आवाज उठवत नाही, कारण ती होती हेच कळत नाही.

आता सरकार आणि न्यायालये दुसऱ्या दिशेने या प्रश्नात उतरली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटेंट’वरील एका ओंगळ प्रश्नावरून गदारोळ झाला, समय रैना यांनी सारे भाग काढून टाकले. ऑगस्टमध्ये अपंग व्यक्तींची टिंगल केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने रैनांसह काही विनोदकारांना जाहीर माफी मागायला सांगितले आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले. दुर्धर आजाराने ग्रासलेल्या मुलावर हसणे नीचपणाचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी शंका मार्गदर्शक तत्त्वांविषयी आहे. दुर्बळाच्या प्रतिष्ठेसाठी केलेला नियम आपल्या देशात सर्वांत आधी कोण वापरतो? ज्याच्याकडे वकील, कार्यकर्ते आणि ठाणेदाराचा दूरध्वनी क्रमांक असतो तो. भावना दुखावल्याच्या कलमाचा इतिहास हेच सांगतो. शिवाय खाली नेम धरणारा विनोद बोकाळला तो वरचा नेम महाग झाल्यामुळे. तो आणखी महाग करून खालचा कमी होईल, हे मला पटत नाही.

करण्यासारखे दुसरे काहीतरी आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २८ मार्च २०२५ रोजी, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात, न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी निर्णय दिला की बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि गुन्ह्याची शिक्षा तीन ते सात वर्षांच्या दरम्यानची असेल, तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल. आणि शब्दांचा परिणाम कणखर मनाच्या, समंजस माणसाच्या निकषावर जोखावा, पावलोपावली दुखावणाऱ्याच्या नव्हे. जगणे अर्थपूर्ण करणाऱ्या गोष्टींत त्यांनी काव्य-नाटकांबरोबर स्टँडअप कॉमेडी आणि उपहासाचाही नावाने उल्लेख केला. योगायोग असा, की त्याच दिवशी कामरा अटकेपासून तात्पुरते संरक्षण मागायला मद्रास उच्च न्यायालयात उभे होते. विनोद मुंबईत, संरक्षण चेन्नईत. मुंबई उच्च न्यायालयाचा दिलासा एप्रिलअखेर मिळाला. प्राथमिक चौकशीसाठी पोलीस उपअधीक्षकाची परवानगी आणि १४ दिवसांची मुदत, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या पोलीस महासंचालकांनी एका परिपत्रकाद्वारे ती प्रत्येक ठाण्यात बंधनकारक केली, तर एकाच विनोदासाठी पाच जिल्ह्यांत पाच गुन्हे नोंदवण्याचा उद्योग पुष्कळ आटोक्यात येईल. वाहिनीच्या विधी विभागाची भीती लगेच जाणार नाही. पण धोका किती हे तरी तिला मोजता येईल. आज तो अमर्याद आहे.

व्यवस्थेला विनोद सोसतो, एवढेच नव्हे तर उपयोगीही पडतो, याचा पुरावा याच शहरात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये, चांद्रयान-२ चंद्रावर उतरण्याच्या बेतात असताना, बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने अंतराळवीराचा पोशाख चढवलेल्या माणसाला बेंगळूरुच्या एका रस्त्यावरच्या खड्ड्यांतून चंद्रावर चालल्यासारखे चालवले. चित्रफीत देशभर फिरली आणि महापालिकेने लगोलग रस्ता दुरुस्तीला घेतला. कोणाला अटक झाली नाही, कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. व्हाइटफील्डच्या रस्त्यांवर असा अंतराळवीर रोज चालवता येईल.

आणि शर्मांच्या अंगी काय आहे, हेही विसरायला नको. मार्च २०२३ मध्ये आलेल्या नंदिता दास यांच्या ‘झ्विगाटो’त त्यांनी भुवनेश्वरमधल्या, नोकरी गेलेल्या आणि आता घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या माणसाची भूमिका केली होती. मानांकनाच्या ताऱ्यांसाठी ओशाळवाणे हसणारा तो माणूस बिट्टू शर्माचाच गरीब चुलतभाऊ होता. चित्रपट चालला नाही. आमच्या संकुलाच्या फाटकाशी अशी वीस-पंचवीस मुले संध्याकाळी दुचाकीवर बसून पुढच्या ऑर्डरची वाट पाहत असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर कपिल शर्मांच्या मिनिट-दीड मिनिटाच्या क्लिपा चालू असतात. गेल्या महिन्यात मी त्यांना सहज विचारले, हा नवा भाग का? नाही, जुनाच, एक जण म्हणाला. नव्यात गुत्थी आहे, पण बिट्टू नाही.